पावसाळ्यात हॉल घ्यावा की चिखलातच खेळावं? (अल्टिमेट फ्रिस्बी, नाशिक)

पीटीच्या_बाई

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण पाल्हाळ लावायची सवय शाळेतूनच लागलीय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी नाशिकला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. बी.पी.एड. करताना २०११ साली पुण्यात अल्टिमेट खेळायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सात-सात जणांचे दोन संघ, १७५ ग्रॅमची डिस्क, म्हणजे फ्रिस्बीची ताटली. डिस्क हातात असताना पळायचं नाही, पास देत देत पलीकडच्या एंडझोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) आपल्या माणसाने ती पकडली की गोल. खाली पडली की डिस्क समोरच्यांची. आणि पंच नसतो. फाउल आपणच पुकारायचा, वाद आपणच मिटवायचा. आमच्या मुख्याध्यापकांना यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकून हसू आलं होतं.

लग्नानंतर नाशिकला आले, इथे दोन-चार टाळकी जमवली. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर २३ जण आहेत. शनिवारी रात्री "उद्या कोण कोण?" विचारलं की १७ अंगठे येतात आणि रविवारी सकाळी साडेसहाला गंगापूर रोडजवळच्या मैदानावर ११ माणसं उभी असतात. अकरावीतल्या दोन मुलींपासून ते सातपूरला शिफ्ट करणाऱ्या आमच्या ४६ वर्षांच्या दादांपर्यंत.

घोडं अडतंय पावसाळ्यात. नाशिकचा पाऊस इगतपुरीसारखा नाही हे खरं, पण आमचं मैदान काळ्या मातीचं. एक सर आली की प्रत्येक बुटाला अर्धा किलो माती. गावात पूर किती आला हे दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढलं त्यावरून मोजतात ना, तसं आमच्या ग्रुपमध्ये कोणाच्या मोज्याचा रंग कुठवर बदलला त्यावरून मोजतात. गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून गणपती विसर्जनापर्यंत एकूण चार वेळा खेळलो. ऑक्टोबरात परत जमलो तेव्हा सगळ्यांचे थ्रो गंजलेले, आणि दोन चांगली पोरं बॉक्स क्रिकेटने पळवलेली.

म्हणून यंदा सिडकोत एक हॉल बघून आले. तीन बॅडमिंटन कोर्ट शेजारी शेजारी, लाकडी फ्लोअर, रविवारी सकाळी ७ ते ९ रिकामा. ताशी ६०० रुपये. तिथले मॅनेजर काका म्हणाले, "ताटली फेकायला हॉल कशाला हवा मॅडम? आणि ट्यूबला लागली तर?" त्यांना समजावलं. पण आमचे दादा काही समजत नाहीत. त्यांचं म्हणणं, "हॉलमधला गडी मैदानावर आला की पहिल्या झुळकीला गळपटतो. दोन महिने बसून राहा, चालेल, पण खोटी सवय लावू नका."

डिसेंबरात पुण्याला एक स्पर्धा आहे, उघड्या मैदानावर. पहिल्यांदाच जाणार आहोत. म्हणून खरंच विचारते. हॉलमध्ये खेळून मैदानाचा खेळ बिघडतो का? की दादा उगाच हटून बसलेत? जाळीचे टर्फ भाड्याने मिळतात, ते बरे पडतील का? आणखी एक गोष्ट, दादांसमोर नीट बोलता आली नाही. त्या दोन्ही मुलींच्या घरून पहाटेच्या अंधारात, धो धो पावसात मैदानावर पाठवत नाहीत. हॉल म्हटल्यावर दोघींच्या आया लगेच हो म्हणाल्या.

---

चिखल_चॅम्पियन

चिखलातच खेळा भो. फुकट आहे आणि डाइव्ह मारायला मजा येते. बाकी आईच्या शिव्या वॉशिंग मशीनला.

---

परतलो_पंचवटीत

ताई, तुमचा धागा वाचून लॉगिनचा पासवर्ड शोधून काढला. वर्षभराने लिहितोय.

मी पंचवटीतला. शिक्षणासाठी आणि नंतर नोकरीसाठी चार वर्षं जर्मनीत होतो. तिकडे ऑक्टोबर संपला की मैदानं गोठायला लागतात, दुपारी साडेचारला अंधार. मग सगळा खेळ शाळांच्या हॉलमध्ये शिरतो आणि मार्चपर्यंत तिथेच. तिथे इनडोअरची राष्ट्रीय स्पर्धाही वेगळी होते. म्हणजे हॉलला कोणी तात्पुरती सोय समजत नाही, तो वेगळा मोसम आहे. तेव्हा खोटी सवय म्हणायचं झालं तर अर्ध्या युरोपला म्हणावं लागेल.

पण थांबा, दादांना लगेच वेड्यात काढू नका. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. कोणतं निम्मं ते सांगतो.

आधी जागेचा हिशोब. मैदानावरचं नियमातलं माप १०० बाय ३७ मीटर, दोन्ही टोकांना १८-१८ मीटरचे एंडझोन. १४ माणसं. भागाकार करा, एकेकाच्या वाट्याला २६४ चौरस मीटर येतात. इनडोअरला पाच-पाच जण, हँडबॉलच्या कोर्टाएवढी जागा, ४० बाय २०. एकेकाला ८०. आणि तुमचे तीन बॅडमिंटन कोर्ट, मधल्या फटी धरून साधारण २२ बाय १५ भरतील. तिथे पाच-पाच खेळूच नका, भिंतीवर आपटाल. चार-चार खेळलात तरी माणशी ४१ चौरस मीटर. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात याहून जास्त जागा होती, असं आई म्हणते.

या एका भागाकारातून बाकीचं सगळं निघतं. मैदानावर कटर, म्हणजे पास घ्यायला धावणारा, २० मीटर धावतो, फसवतो, मोकळा होतो, आणि पास थोडा उशिरा आला तरी चालून जातं. हॉलमध्ये मोकळीक मिळते ती एका पावलाची आणि अर्ध्या सेकंदाची. पास त्या अर्ध्या सेकंदात सुटला नाही तर संपलं. शिवाय मैदानावर डिस्क धरून ठेवायला १० सेकंद असतात, इनडोअरच्या नियमात ८. मार्क करणारा, म्हणजे डिस्कवाल्याला अडवणारा, नाकासमोर उभा राहून मोजत असतो. पहिल्या महिन्यात मला ते आकडे झोपेत ऐकू यायचे.

मी तिकडे गेलो तेव्हा स्वतःला बरा हँडलर (डिस्क खेळवणारा) समजत होतो. नाशिकच्या मैदानावर माझा लांब फोरहँड बघायला लोक थांबायचे (बरं, दोन जण थांबले होते, एक भेळवाला होता). हॉलमध्ये पहिल्या दिवशी तो फोरहँड टाकायला जागाच नव्हती. समोर एक किडकिडीत मुलगी, माझ्या खांद्याएवढी. ती डिस्क पकडायची, टाकायची आणि टाकल्या टाकल्या पळायची. परत घ्यायची, परत द्यायची. तीन पासमध्ये गोल. मी पास दिला की आपलं काम केल्यासारखा उभा राहायचो. कोचने काही शिकवलं नाही, फक्त प्रत्येक वेळी विचारायचा, "तुझी बस चुकली का?" डिस्क हातातून सुटली की आपला खरा खेळ सुरू होतो, हे मला मैदानावर सात वर्षांत कळलं नव्हतं. हॉलने महिन्याभरात शिकवलं.

चुकीची किंमतही तिथे रोख असते. मैदानावर पास पडला की अजून ६० मीटर धावून बचाव करता येतो. हॉलमध्ये पास पडला की समोरच्याने उचलून दोन थ्रोत गोल केलेला असतो आणि तुमचा हात अजून डोक्यावर असतो.

आता दादांचं निम्मं. हॉलमध्ये वारा नसतो. त्यामुळे हॉलमधली डिस्क खोटं बोलते. फिरकी कमी पडली, पुढची कड थोडी वर उचलली गेली, तरी ती तरंगत तरंगत मित्राच्या हातात जाऊन बसते आणि तुम्हाला वाटतं, वा, काय थ्रो आहे. तोच थ्रो मार्चमध्ये बाहेर टाकला की समोरच्या वाऱ्यात आधी वर चढतो, मग हवेत उभा राहतो, मग तुमच्याच दिशेने परत यायला लागतो. माझा पहिला मार्च असाच गेला. चार महिने हॉलमध्ये राजा होतो, मैदानावर पहिल्या दिवशी सलग पाच पास घालवले.

म्हणून हॉलमध्ये मुलांना एक सांगून ठेवा. पास पोचला म्हणजे चांगला, असं धरायचं नाही. डिस्क सपाट गेली का, थरथरली का, किती जोरात फिरत होती, ते बघायचं. फिरकी मनगटातून येते, खांद्यातून नाही. जोरात फिरणारी डिस्क वाऱ्यात आपला कल टिकवून धरते, कमी फिरणारी लगेच कलंडते. पकडणाऱ्याने ओरडून सांगायचं, "डगमग!" आम्ही डगमगलेल्या प्रत्येक पासला दोन पुशअप लावले होते, पास पोचला तरी.

टर्फबद्दल: मी नाशिकला परतल्यावर एका जाळीच्या टर्फवर दोन वेळा खेळलो. वर जाळी असल्याने हॅमर (डोक्यावरून उलटी फेक) टाकता येत नाही, उंच पुल (खेळ सुरू करणारी लांब फेक) करता येत नाही, डिस्क जाळीत अडकली की पोराला खांद्यावर घेऊन काढावी लागते. पण पाणी लवकर निचरतं आणि बाजूने वारा येतो. हॉल आणि मैदान यांच्या मधलं काहीतरी. भाडं मात्र संध्याकाळी हॉलच्या दुप्पट सांगितलं होतं मला.

लांबलं. जेवायला हाक मारतायत.

---

गुडघा_जपा

दोन गोष्टी, अनुभवाच्या. हॉलमध्ये लेआऊट (आडवं झेपावून पकडणं) मारू देऊ नका, कोणालाही नाही, कितीही मोह झाला तरी. लाकडावर कोपर सोलवटतं ते सहा आठवडे शर्ट घालताना आठवण करून देतं. टर्फवरही तेच, वर ते काळे रबराचे दाणे जखमेत जातात. दुसरं, स्टडचे बूट हॉलमध्ये चालणार नाहीत, बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग बूट लागतील. आणि शेवटची रेषा भिंतीपासून निदान दोन मीटर आत काढा. माणूस डिस्ककडे बघत पळतो, भिंतीकडे नाही.

---

येवल्याची_आसारी

मी खेळाडू नाही, लेक खेळते कॉलेजात. पण वाऱ्याचा विषय निघाला आणि येवलेकर गप्प बसला असं कधी झालंय का?

आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून कोणी खाली उतरत नाही. पोरगं आसारी (मांजाचं रीळ) धरायला लागतं तेव्हापासून वारा वाचायला शिकतं. पतंग उडवताना पहिला धडा हा की खालचा वारा आणि वरचा वारा एक नसतो. गच्चीच्या कठड्याआड काहीच लागत नाही, पतंग दोन घरं वर गेला की ओढ लागते. लेकीची फ्रिस्बी बघितली तर तेच. कमरेच्या उंचीचा पास निमूट जातो, डोक्यावरून गेलेला भरकटतो. मैदानाच्या ज्या अंगाला इमारत किंवा झाडं असतील तिथे वारा पडलेला असतो, कोपऱ्यावर एकदम मारतो. परतलो यांनी सगळा भर फिरकीवर दिलाय. बरोबरच असेल. पण वारा आधी बघायचा असतो, मग फेकायचं. तुम्ही लोक खेळ सुरू व्हायच्या आधी चिमूटभर गवत उडवून बघता का? लेकीच्या टीममध्ये कोणी बघत नाही. टॉस जिंकतात आणि सावलीची बाजू मागतात!

तिला मी एवढंच सांगितलं. समोरून वारा असला तर तो डिस्क वर उचलणार, म्हणून नाक, म्हणजे पुढची कड, खाली ठेव आणि कमी उंचीवरून मार. पाठीमागून असला तर डिस्क लवकर बसणार, तेव्हा थोडी उंची दे. आडवा असला तर ज्या बाजूने येतो ती कड जरा खाली, म्हणजे वारा पोटाखाली शिरत नाही. पोटाखाली शिरला की गेली शेजारच्या गल्लीत. पतंगाची कन्नी बांधताना आम्ही दुसरं काय करतो? वाऱ्याला किती पोट दाखवायचं ते ठरवतो.

म्हणून बाई, हॉलात खुशाल जा. पण आठवड्यातून एकदा उघड्यावर दहा मिनिटं नुसती फेकाफेकी करा. पाऊस असला तरी. वारा विसरायला वेळ लागत नाही.

---

पीटीच्या_बाई

अहो किती छान लिहिलंय सगळ्यांनी. येवल्याचे काका, सावलीची बाजू वाचून मी खुर्चीत हसले, कारण गेल्या वर्षी एका मैत्रीपूर्ण सामन्यात मी स्वतः तेच मागितलं होतं.

परतलो, एक शंका. जोराच्या वाऱ्यात समोरचा संघ झोन लावतो, म्हणजे माणसाऐवजी जागा धरून बचाव करतो. तिघं जण डिस्कवाल्याभोवती कप करून उभे राहतात आणि आपल्याला लांब फेकायला भाग पाडतात. गेल्या वर्षी आम्हाला त्यातच लोळवलं. हॉलमध्ये चार-चार खेळून त्याचा सराव कसा होणार? तिथे झोन लावायला माणसंच नाहीत.

---

परतलो_पंचवटीत

अगदी नेमकं विचारलंत. झोन हॉलमध्ये शिकता येणार नाही, नादच सोडा. तो वाऱ्याचा आणि जागेचा खेळ आहे, दोन्ही तिथे नाहीत. वारा असेल तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने केलेला एक गोल दोनाच्या तोडीचा असतो, कारण परत येताना तुम्हाला वारा फुकट मिळतो. हे सगळं डोकं हॉलमध्ये वापरात नसतं.

पण कप फोडायला लागतं काय? तिघांच्या मधून चटकन दोन मीटरचा पास, मागे डंप (मागच्या माणसाला सोपा पास), पलीकडे स्विंग (आडवा पास), परत मधून. घाबरून लांब फेकायचं नाही. हे जे छोटे, जवळचे, घाईतले पास आहेत ते हॉलमध्ये शेकड्याने होतात. म्हणजे कप फोडायचे हात हॉलमध्ये तयार करा, कप फोडायचं डोकं मैदानावर. एक खेळ आम्ही खेळायचो: चौघे हल्ला करणार, तिघे बचाव करणार, पण बचाववाले फक्त डिस्कभोवती. सात मीटरच्या वर पास दिला तर तो धरायचाच नाही. करून बघा.

येवल्याच्या काकांशी एका बाबतीत मात्र भांडतो. दहा मिनिटांची फेकाफेकी पुरणार नाही. उभ्या माणसाला फेकणं आणि पळत्या माणसाच्या पुढे वाऱ्यात फेकणं यात फार अंतर आहे. पतंग पळत नाही.

अवांतर: हा खेळ १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीत मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी सुरू केला, आणि पुढे ती पोरं रात्री शाळेच्या पार्किंगमध्ये दिव्याखाली खेळायची. म्हणजे "खरा खेळ गवतावरचाच" असं दादा म्हणाले तर त्यांना डांबर दाखवा. चेन्नईवाले वाळूवर खेळतात, पाच-पाच जण. त्यांना कोणी खोटं म्हटलेलं ऐकलं नाही.

---

येवल्याची_आसारी

पतंग पळत नाही! आमच्या गच्चीवर या एकदा संक्रांतीला, मग बोलू.

---

चिखल_चॅम्पियन

वरचं सगळं वाचलं. मान्य. पण एक सांगतो, ओल्या डिस्कचा सराव हॉलमध्ये कोण करून देणार? डिसेंबरात सकाळी मैदानावर दव असतंच ना. निफाडकडून गार हवा आली की बोटं बधीर, डिस्क साबणासारखी. मी पावसात खेळून खेळून दोन्ही हातांनी पकडायला शिकलो, टॉवेल कमरेला खोचून. बाकी वीज कडाडली तर मात्र सरळ घरी. तिथे मस्ती नाही.

---

पीटीच्या_बाई

तीन आठवड्यांनी परत येतेय. हॉल घेतला.

पहिल्या रविवारी १३ जण आले. १३! त्यात तिघं असे की जे ग्रुपवर फक्त सुविचार टाकतात. माणशी शंभर रुपये निघाले. दोघी मुली आयांसकट आल्या, आया बाहेरच्या बाकावर मटार सोलत बसल्या. चार-चारचे तीन संघ केले, एक जण बदली. पाच मिनिटांचे सामने, हरलेला बाहेर.

पहिले दोन सामने नुसता गोंधळ. फ्लोअरवर आधीच बॅडमिंटनच्या एवढ्या रेषा, त्यात आमच्या मास्किंग टेपच्या. आतली रेषा कोणती, बाहेरची कोणती, यावरच तीन वाद. पंच नसल्याने वाद आपणच मिटवायचे, आणि हॉलमध्ये सगळे इतके जवळ असतात की कुजबूजही ऐकू येते. मैदानावर ४० मीटरवरून "आउट होता!" ओरडणं सोपं असतं. इथे तोंडासमोर उभं राहून म्हणावं लागतं. अकरावीतल्या दोघींतली थोरली, जी एरवी शब्द काढत नाही, तिने एका बँकेत काम करणाऱ्या काकांना शांतपणे सांगितलं, "काका, तुमचा पाय रेषेवर होता." काकांनी पायाकडे बघितलं, टेपकडे बघितलं, डिस्क तिला दिली. सामन्यानंतर रिंगण करून बसलो तेव्हा स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूपणाचे, गुण दिले. नियमांचं ज्ञान, धक्काबुक्की टाळणं, न्यायबुद्धी, वृत्ती आणि संवाद, प्रत्येकी चारपैकी. काकांच्या संघाला न्यायबुद्धीत चार मिळाले. ते दिवसभर ग्रुपवर तोच स्क्रीनशॉट टाकत होते.

गुडघा_जपा, तुमचं ऐकलं, रेषा भिंतीपासून दोन मीटर आत घेतली. तरी एक जण आपटलाच, पण खांद्याने, हसत. लेआऊट बंद म्हणजे बंद.

"डगमग" मात्र अंगाशी आलं. पहिल्या रविवारी माझेच १४ पुशअप झाले.

दादा दुसऱ्या रविवारी आले. सातपूरहून थेट, रात्रपाळी करून. हाताची घडी घालून बाकावर आयांशेजारी बसले. एका मावशींनी त्यांच्यापुढे मटारचं ताट सरकवलं. अर्धा तास सोलले. मग एक जण पाणी प्यायला गेला तेव्हा म्हणाले, "एक पाच मिनिटं उभा राहतो." त्यांनी पहिली डिस्क पकडली आणि सवयीने लांब बॅकहँड मारला, समोरच्या भिंतीवर. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी त्यांच्यासमोर ती धाकटी मार्क करत होती, "पाच... सहा... सात..." आठ म्हणायच्या आत त्यांनी तिच्या काखेखालून छोटासा पास सरकवला आणि स्वतःच पुढे पळाले. मी त्यांना पास दिल्यावर पळताना सहा वर्षांत पाहिलेलं नाही. बाहेर येताना म्हणाले, "हा फ्रिस्बी नाही, कबड्डी आहे." पण पुढच्या रविवारचे शंभर रुपये देऊन गेले.

आता दुसरी बाजू, लपवत नाही. काल बुधवारी पावसाने उसंत दिली म्हणून मैदानावर गेलो. पश्चिमेकडून भन्नाट वारा. डंप आणि स्विंग कधी नव्हते एवढे छान झाले, १२ पास सलग, मी मोजले. पण वाऱ्यासमोर कोणाचाही लांब थ्रो पोचला नाही. थोरली मुलगी हॉलमध्ये सुंदर फोरहँड टाकते, तो इथे नाक वर करून उभाच राहिला आणि तिच्याच डोक्यामागे पडला. दादा काही बोलले नाहीत. फक्त वाकून चिमूटभर गवत उपटलं आणि तिच्या हातात दिलं. (येवल्याचे काका, हा धागा मी दादांना वाचायला दिला होता.)

तेव्हा ठरलं असं: रविवार हॉल, बुधवार मैदान, पाऊस असला तरी. चिखल_चॅम्पियन, दवाचा मुद्दा बिनतोड होता. बादलीभर पाणी आणि एक जुना टॉवेल बुधवारी सोबत नेतो, डिस्क बुडवून बुडवून फेकतो. सप्टेंबरनंतर हॉल बंद करायचा की महिन्यातून एकदा ठेवायचा, यावर ग्रुपमध्ये दोन तट आहेत.

एक मदत हवी आहे. मॅनेजर काकांची भीती खरी ठरली. हॅमर टाकू नका असं सांगूनही एकाने टाकला आणि दुसऱ्या कोर्टावरच्या ट्यूबचं कव्हर तडकलं. काका रागावले नाहीत, पण म्हणाले, "ताटलीवाल्या बाई, कव्हर मी आणतो, लावायचं तुम्ही." कव्हर आणलंय त्यांनी. छत बरंच उंच आहे. सिडको किंवा पाथर्डी फाट्याकडे कोणाकडे मोठी घडीची शिडी आहे का? शनिवारी संध्याकाळपर्यंत हवी आहे.

---

परतलो_पंचवटीत

शिडी आहे. दुचाकीवरून येणार नाही, चुलत्याच्या छोट्या टेम्पोतून आणतो. बदल्यात रविवारी मला एका संघात घ्या. बूट नॉन-मार्किंग आहेत.